विश्वस्तपदाचा राजीनामा आणि कोऱ्या चेकवरच्या सह्या

कराडच्या एका वाचकांचं पत्र आहे. वडिलांनी २०११ साली, मधल्या भावाच्या निधनानंतर, त्याच्या दोन मुलांसाठी खाजगी ट्रस्ट केला आणि त्यात बाजारपेठेतले दोन गाळे व काही मुदत ठेवी घातल्या. विश्वस्त तिघं: वडील, थोरले दादा आणि पत्रलेखक. वडील २०१७ मध्ये गेले. २०२१ मध्ये दादांनी एक ठेव मोडून पैसे स्वतःच्या दुकानात घातले, तेव्हा यांनी राजीनामा लिहून त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता पुतणी हिशेब मागते आहे. ‘मी तर केव्हाच राजीनामा दिलाय, माझा काय संबंध?’

अशी पत्रं मला नेहमी येतात, फक्त गाव आणि नातं बदलतं. ट्रस्टचा पैसा स्वतःच्या धंद्यात घालू नये, हे सांगण्यात मी जागा घालवत नाही. तेवढं दादांनाही कळतं.

तुम्ही पाठवलेल्या डीडच्या, म्हणजे ट्रस्टच्या दस्ताच्या, फोटोंमधलं नववं कलम काढा. ‘कोणाही विश्वस्तास तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन’ इथवर तुम्ही लाल पेनाने रेघ मारली आहे. तिथे पान संपतं, वाक्य नाही. पुढच्या पानावर आहे: ‘व त्याचे जागी नवीन विश्वस्त नेमला गेल्यावर निवृत्त होता येईल.’ नवीन विश्वस्त कोण नेमला? कोणीच नाही. म्हणजे तुम्ही आजही विश्वस्त आहात.

१८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स ॲक्टच्या कलम ४६ प्रमाणे पद एकदा स्वीकारलं की सुटायच्या वाटा तीनच. कोर्टाची परवानगी, करार करायला सक्षम असलेल्या लाभार्थ्याची संमती, किंवा डीडमध्येच दिलेला अधिकार. तिसरी वाट तुम्ही अर्धी वाचलीत. दुसरी अर्धीच उघडी आहे, कारण पुतणी बावीस वर्षांची असली तरी पुतण्या सोळाचा. त्याच्या वतीने वहिनींनी सही दिली तर चालेल का? त्या सहीवर मी तरी भिस्त ठेवणार नाही. उरलं कोर्ट.

पण याहून वाईट गोष्ट तुमच्या राजीनाम्यातच आहे. ‘मुलांची ठेव मोडून दुकानात माल भरलात हे मला मान्य नाही,’ असं तुम्ही तारीख घालून लिहिलंत. सहविश्वस्ताच्या गैरकृत्याची जबाबदारी एरवी दुसऱ्यावर येत नाही. मात्र ते कळल्यावर वाजवी वेळेत मुलांच्या हितासाठी पावलं उचलली नाहीत, तर कलम २६ खाली येते. ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव तुम्ही स्वतःच्या हस्ताक्षरात खोडून ठेवला आहे. (डीडमध्ये याउलट काही लिहिलं असेल तर चित्र बदलू शकतं. मला मिळालेल्या पानांत तसं दिसलं नाही, पण अकरावं पान फोटोंमध्ये नाहीच. दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल काढा.)

आणि त्या कोऱ्या चेकचं काय सांगू! खात्याला दोघांच्या सह्या लागतात, ती अट तुमच्या वडिलांनी उगाच घातली नव्हती. तुम्ही बँकेत खेपा नकोत म्हणून अख्ख्या चेकबुकावर सह्या करून ते दादांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंत. राजीनामा दिलात, पण चेकबुक परत मागितलं नाहीत.

कलम २७ प्रमाणे मुलं संपूर्ण नुकसान तुम्हा दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतात. ज्याचा दोष कमी त्याला भरलेली रक्कम दुसऱ्याकडून मागता येते, आणि तुमची खरी ढाल तीच. हातावर हात ठेवून काढलेला प्रत्येक महिना ती पातळ करतो. ‘जुनं झालं’ या दादांच्या बोलण्यावर विसंबू नका. विश्वस्ताकडून ट्रस्टच्या मालमत्तेचा हिशेब मागायला मुदत कायद्याच्या (दावा किती काळात लावायचा ते सांगणाऱ्या) कलम १० प्रमाणे मुदत आड येत नाही.

पुतणीला टाळू नका. डीड आणि हिशेब पाहण्याचा तिला हक्क आहे, आणि ते दाखवणं तुमचं काम, दादांची परवानगी न घेता. दादांना रक्कम ट्रस्टच्या खात्यात परत भरायला वकिलामार्फत नोटीस द्या. नंतर जिल्हा न्यायालयात ट्रस्ट्स ॲक्टच्या कलम ७२ खाली पदातून मुक्ततेचा अर्ज. तिथे रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमचं कारण कोर्टाला पुरेसं वाटलं नाही, तर तुमच्या जागी योग्य माणूस मिळाल्याशिवाय ते तुम्हाला सोडणार नाही. कर्जात बुडालेला नाही, परदेशी स्थायिक नाही आणि ज्याचं हित मुलांच्या हिताआड येत नाही, असं एक नाव आधी ठरवा. निकाल कधी लागेल, ते मला विचारू नका. नोटीस बजावण्यातच किती तारखा जातात ते मी रोज बघतो, आणि तोवर तुम्ही विश्वस्तच राहता.

धर्मादाय आयुक्तांकडे जाऊन उपयोग नाही, हा सार्वजनिक न्यास नव्हे. डीडमधल्या लवादाच्या कलमावरही वेळ घालवू नका. खाजगी ट्रस्टमधले वाद लवादाकडे जात नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आहे. पोलिसांत जायचं का, हे कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. चेकवर तुमचीही सही आहे, हे तिथे जाण्याआधी आठवा.

हे सगळं नंतर. उद्या सकाळी आधी बँकेत जा. अख्खं खातं थांबवायला सांगू नका, धाकट्याची फी त्यातूनच जाते असं तुम्हीच लिहिलं आहे. फक्त सह्या केलेल्या कोऱ्या चेकचे क्रमांक देऊन ते वटवू नयेत असं लेखी द्या आणि प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. चेकबुक मागायला दादांकडे जायची गरज नाही. शेवटचा वटलेला चेक कितवा, ते बँकेच्या उताऱ्यावर दिसेल. पुढचे क्रमांक तिथून मोजा.