साध्या रक्ततपासणीवरून सिरोसिस कळतो का?

वडिलांना बरीच वर्षं हिपॅटायटिस सी आहे, बायोप्सीशिवाय (लिव्हरचा तुकडा काढून तपासल्याशिवाय) सिरोसिस, म्हणजे लिव्हरवर वण पडून ते कडक होणं, कळेल का, असं विचारलंय तुम्ही. बऱ्यापैकी अंदाज येतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची दोन एन्झाइम्स असतात. वय गुणिले एसजीओटी करा. त्याला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागा. हाच फिब-४ नावाचा स्कोअर. समजा वय ५६, एसजीओटी ८०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स १ लाख १० हजार, म्हणजे ११०, उत्तर ५.०९. ३.२५ च्या वर गेलं की लिव्हर बरंच कडक झालं असण्याची शक्यता दाट, मग फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारा स्कॅन) कराच. १.४५ च्या खाली असेल तर बहुधा तसं नसतं. मधलं आलं तरी स्कॅन. नुकताच डेंग्यू झाला असेल तर मात्र थांबा, प्लेटलेट्स तेव्हा तशाही पडलेल्या असतात. आणि नुसत्या नॉर्मल एसजीपीटीवर विसंबू नका, सिरोसिसमध्येही तो नॉर्मल येऊ शकतो.