हायड्रोजन वापरून एनओएक्स (धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं) कमी करायला उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम चांगलं की पॅलेडियम?

प्लॅटिनम. म्हणजे १०० ते १५० अंश सेल्सिअसला एनओ (नायट्रिक ऑक्साइड) झटपट संपवायचा, एवढंच हवं असेल तर. पण प्रश्नात तुम्ही ‘प्लॅटिनमवर नव्वद टक्के कन्व्हर्जन मिळतंय’ असं लिहिलंय, म्हणजे नव्वद टक्के एनओ नाहीसा होतोय, आणि तिथे माझं जुनं दुखणं वर आलं.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडेही असाच नव्वदीचा कर्व्ह होता. अ‍ॅल्युमिनावर एक टक्का प्लॅटिनम. फीडमध्ये, म्हणजे आत सोडलेल्या वायूत, एनओ, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि बाकी सगळा नायट्रोजन. शेवटी बाहेर येणारा वायू मोजायला केमिल्युमिनेसन्स अ‍ॅनालायझर. गाइड खूश, पोस्टर छापायला गेलं. आता बघा, तो अ‍ॅनालायझर एनओ आणि एनओटू मोजतो, नायट्रस ऑक्साइड (एनओचा नायट्रोजनऐवजी हाही होऊ शकतो) त्याच्या खिजगणतीतही नाही. तयार झालेला नायट्रोजन मोजावा, तर फीडच नायट्रोजनने भरलेलं. एनओ गेला हे कळत होतं, कुठे गेला ते नाही.

मी नायट्रोजनच्या जागी आर्गॉन लावला, मास स्पेक्ट्रोमीटर जोडला. ४४ वस्तुमानाची रेघ चढत गेली. सर म्हणाले, “कार्बन डायऑक्साइड असणार, गळती शोध.” कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड, वस्तुमान दोघांचंही ४४, त्यामुळे शंका रास्त होती. दिवसभर साबणाचं पाणी लावून एकेक जोड तपासला, बुडबुडा नाही. शेवटी फक्त एनओचा व्हॉल्व्ह बंद केला, बाकी कशाला हात लावला नाही. काही मिनिटांत ४४ खाली बसला. एनओ सोडला, पुन्हा वर. गळती काही एनओला विचारून होत नाही. पोस्टर मात्र होतं तसंच लागलं.

नायट्रस ऑक्साइडची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे. एनओचं ते करून ठेवायचं आणि ‘उत्सर्जन घटलं’ म्हणायचं, ही शुद्ध धूळफेक आहे. त्यामुळे कन्व्हर्जनचा आकडा एकटा मला कुणी दाखवू नये, शेजारी नायट्रोजनची सिलेक्टिव्हिटी, म्हणजे गेलेल्या एनओपैकी नायट्रोजन किती झाला ते, हवीच.

पॅलेडियम, विशेषतः टायटेनियावरचं (टायटॅनियम ऑक्साइडवरचं), या बाबतीत बरंच सभ्य. पण धातूइतकाच सपोर्टही (धातू ज्यावर बसवतात तो आधार) बोलतो: मॅग्नेशिया-सेरियावर (मॅग्नेशियम आणि सेरियमच्या ऑक्साइडांवर) बसवलं की प्लॅटिनमही पुष्कळ सुधारतं. दोन्हींत साधारण २०० अंशांपुढे हायड्रोजन एनओला सोडून ऑक्सिजनशीच जळत बसतो, म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बेडमध्ये, म्हणजे उत्प्रेरकाच्या थरातच, ठेवा, भट्टीच्या आकड्यावर जाऊ नका. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असेल तर कमी तापमानाला प्लॅटिनम गुदमरतं. हायड्रोजन इंजिनात ती अडचण जवळजवळ नाही. आणि एक्झॉस्ट ३०० अंशांच्या वर असून हायड्रोजनऐवजी युरिया चालणार असेल, तर मुकाट्याने व्हॅनेडिया किंवा कॉपर झिओलाइटचा उत्प्रेरक घ्या.

फीडमध्ये कार्बन डायऑक्साइड असेल तर माझी ४४ ची युक्ती चालणार नाही, एफटीआयआर (इन्फ्रारेडने वायू ओळखणारं यंत्र) लागेल. नसेल आणि तुमचे सरही गळतीच म्हणाले, तर एनओचा व्हॉल्व्ह त्यांनाच बंद करायला सांगा.