मृत समुद्रावर पोहू नका, पहुडा

जॉर्डनच्या मृत समुद्राकाठी चार दिवस निवांत पडून राहायचं आणि जोडीला जमतील तेवढी प्राचीन स्थळं पाहायची, असा बेत आखणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. हातात सहा रात्री आहेत. सामान सारखं हलवायला नको म्हणून मृत समुद्राकाठी एकाच हॉटेलात राहावं आणि मधला एक दिवस पेट्रा करून यावं, असं चाललंय. जमेल ना?

जमेल, पण करू नका. मृत समुद्राची बहुतेक मोठी हॉटेलं ईशान्य किनाऱ्यावर, स्वेमेहजवळ आहेत. तिथून पेट्राला, म्हणजे खडकात कोरलेल्या त्या प्राचीन शहराला, डेझर्ट हायवेने एका बाजूचे तीन तासांच्या आसपास लागतात. पहाटे सहाला निघालात तरी पोहोचेपर्यंत नऊ वाजणार, म्हणजे उन्हं चढलेली आणि टूरच्या बसगाड्यांची गर्दी सुरू झालेली. पुढे तिकीटघरापासून ‘खजिना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रसिद्ध, खडकात कोरलेल्या वास्तूपर्यंतच दोन किलोमीटर चाल आहे. त्यातलं सव्वा किलोमीटरभर अंतर सीक नावाच्या अरुंद घळीतून जातं. जाताना उतार आहे म्हणून जाणवत नाही, परतताना तोच चढ होतो. डोंगरावरच्या ‘दैर’ला, म्हणजे मठाला, जायचं तर आणखी आठशेच्या वर पायऱ्या. एवढं करून पुन्हा तीन तास गाडीत बसायचं. दुसरा दिवस मग आरामाचा नाही, पाय चोळण्याचा.

माझं म्हणणं असं, की सहा रात्रींची तीन ठिकाणी वाटणी करा. पहिली रात्र मादबा गावात, कारण ते विमानतळापासून जवळ आहे. पुढच्या दोन पेट्राच्या दारातल्या वादी मूसा गावात आणि शेवटच्या तीन समुद्राकाठी. हाच क्रम ठेवा. पाय दुखून आल्यावर गरम पाण्याचा तलाव आणि मालीश यांची किंमत कळते. आधी आराम केलात तर पेट्रात तो दोन तासांत उतरतो.

वादी मूसात राहण्याचा मुख्य फायदा सकाळचा. पेट्राचं दार सहाला उघडतं आणि तेव्हा घळीत फारसं कुणी नसतं. गुडघे दुखत असतील तर खजिन्यापर्यंत विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मिळतात, त्यात कमीपणा मानू नका. मात्र गाव हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. हिवाळ्यात तिथे कडाक्याची थंडी असते, कधी कधी बर्फही पडतो. समुद्राकाठचे कपडे तिथे चालणार नाहीत.

मला चांगलं पोहता येतं, बायकोला अजिबात नाही आणि तिला पाण्याची भीती वाटते. तिने पाण्यात उतरावं का?

तिने खुशाल उतरावं. काळजी मला तुमची आहे.

साध्या समुद्रात क्षारांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, इथे ते सुमारे चौतीस टक्के आहे. पाणी इतकं जड, की माणूस बुडत नाही. पण बुडत नाही याचा अर्थ बुडून मरत नाही असा नव्हे. पालथं होऊन पोहायला गेलं की कंबर आणि पाय वर उचलले जातात, तोंड पाण्यात जातं आणि उलटं वळायला जोर मिळत नाही. पट्टीचे पोहणारे सवयीने हेच करतात आणि घाबरतात. दोन-चार घोट जरी पोटात किंवा फुप्फुसात गेले तरी प्रकरण रुग्णालयात जाऊ शकतं, कारण या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार भरमसाट आहेत.

आता रीत सांगतो. पायात रबरी चपला किंवा पाण्यात चालणारे बूट घाला, कारण दगडांवर मिठाचे खडे जमलेले असतात आणि त्यांना चाकूसारखी धार असते. पाणी मांड्यांपर्यंत आलं की समुद्राकडे पाठ करून, खुर्चीत बसावं तसं मागे बसा. पाय आपोआप वर येतात. पाणी हाताला तेलकट लागतं. मान ताठ न ठेवता सैल सोडा. उभं राहायचं झालं की पाय खाली रेटू नका, ते जाणार नाहीत. गुडघे छातीशी घ्या, थोडं पुढे झुका आणि मगच पावलं टेकवा. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दाढी करू नका, पायांचं वॅक्सिंगही नको. ज्याने ऐकलं नाही तो पहिल्याच मिनिटाला ओरडत बाहेर येतो. डोळ्यांत थेंब गेला तर चोळू नका, हातालाही तेच पाणी लागलेलं असतं. गोड्या पाण्याची एक बाटली काठावर झाकण सैल करून ठेवा. चांदीचे दागिने खोलीतच राहू द्या, इथल्या पाण्या-चिखलात ते काळे पडतात. वाऱ्याच्या दिवशी लाटा असतील आणि लाल बावटा लावलेला असेल तर त्या दिवशी फक्त पाहायचं.

मला सोरायसिस आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिथल्या चिखलाने त्वचा बरी होते असं ऐकलं. तीन दिवस पुरतील का?

बरी होत नाही, काही जणांना काही काळ आराम पडतो. सोरायसिससाठी मृत समुद्राकाठचे उपचार वैद्यकशास्त्रात मान्य आहेत, पण ते साधारण चार आठवड्यांचे असतात. त्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज मोजून-मापून ऊन घ्यायचं असतं. हा किनारा समुद्रसपाटीच्या खाली ४३० मीटरांहून अधिक खोल आहे. त्यामुळे हवेचा जास्तीचा थर आणि बाष्पाची धूसर झालर यांतून गाळून आलेलं ऊन इतर ठिकाणांपेक्षा थोडं सौम्य असतं. मुख्य गुण त्या उन्हाचा आणि पाण्याचा आहे, चिखल जोडीला. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, दुपारी कातडी इथेही भाजते.

तीन दिवसांत त्वचा मऊ लागेल, झोप छान येईल. त्यावर समाधान माना. भेगा पडलेल्या किंवा ओल्या जखमा असतील तर आग होईल. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर गरम तलाव, वाफेची खोली आणि हमाम यांबद्दल निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. स्पाच्या स्वागतकक्षातल्या मुलीला विचारून उपयोग नाही. चिखल दहा-पंधरा मिनिटं, सुकून तडकू लागायच्या आत धुऊन टाका. आणि पाकीटबंद चिखल विकत घेण्यापूर्वी आपल्या हॉटेलच्या किनाऱ्यावरचं भांडं बघा. बहुतेक ठिकाणी तोच चिखल फुकट ठेवलेला असतो.

महागड्या हॉटेलात कशाला राहायचं? रस्त्याकडेला गाडी थांबवून आंघोळ करता येणार नाही का?

नका करू, दोन कारणांसाठी. पहिलं, गोड्या पाण्याचा शॉवर नसेल तर अंगावर मिठाचा पापुद्रा घेऊन दिवसभर खाजवत बसाल. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर शेतीला आणि पिण्याला वळवलं जातं, दक्षिणेकडे खनिजं काढण्यासाठी समुद्राचंच पाणी आटवतात आणि त्यामुळे पातळी वर्षाला मीटरभर किंवा त्याहून जास्त उतरते आहे. खारं पाणी मागे हटलं की जमिनीखालचं गोडं पाणी तिथे शिरतं, जुने मिठाचे थर विरघळवतं आणि वरची जमीन एकदम खचते. असे हजारो खड्डे दोन्ही किनाऱ्यांवर पडले आहेत. कुंपण किंवा इशाऱ्याचा फलक दिसला तर त्यापलीकडे फोटोसाठीसुद्धा जाऊ नका.

राहायचं नसेल तर हॉटेलांचा दिवसाचा पास मिळतो, त्यात तलाव आणि शॉवर येतात. अम्मान बीच नावाचा सार्वजनिक किनाराही आहे, तो स्वस्त. शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी, त्या दिवशी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं येतात आणि बहुतेक बायका अंगभर कपड्यांत पाण्यात उतरतात. हॉटेलच्या किनाऱ्यावर पोहण्याचा कोणताही पोशाख चालतो. हॉटेल ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा: खोलीपासून पाण्यापर्यंत किती पायऱ्या? समुद्र मागे सरकतो आहे, तशा त्या वाढत चालल्या आहेत.

पेट्राला आम्ही नाही जाणार. तासाभराच्या आत पाहण्यासारखं काय आहे? इतिहासाची आवड आहे.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि इथे सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे.

सुरुवात मादबातल्या सेंट जॉर्ज चर्चपासून करा. चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकातला नकाशा आहे, रंगीत दगडी तुकड्यांत जडवलेला, गावांची नावं ग्रीकमध्ये. बराच भाग नष्ट झाला आहे, पण जेरुसलेम आपल्या खांबांच्या रस्त्यासह स्पष्ट ओळखता येतं. माझ्या आवडीची जागा मात्र जॉर्डन नदीचं मुख आहे. तिथे एक मासा प्रवाहाबरोबर खाली येतोय आणि दुसरा, पुढे खारं पाणी आहे हे कळल्यासारखा, तोंड फिरवून उलटा निघालाय. समुद्रात दोन नावा आहेत, त्यांतल्या माणसांच्या आकृती पुढे कुणीतरी मुद्दाम पुसल्या. पूर्व किनाऱ्यावर खजुराची झाडं आणि गरम झरे दाखवलेत. ते कल्लिर्होए.

हे कल्लिर्होए म्हणजे या भागातला सर्वांत जुना स्पा म्हणायला हरकत नाही. इतिहासकार जोसीफसने लिहून ठेवलंय, की राजा हेरोद शेवटच्या आजारपणात वैद्यांच्या सल्ल्याने इथल्या झऱ्यांवर आला होता. वैद्यांनी त्याला कोमट तेलाच्या टबात उतरवलं, तेव्हा त्याची शुद्ध हरपली आणि नोकरांनी आरडाओरडा केला. गुण आला नाहीच, लवकरच तो वारला. स्पाच्या जाहिरातीत हा भाग नसतो.

त्याच हेरोदचा डोंगरी किल्ला, माखाएरुस, जवळच मुकाविर गावाबाहेर आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला इथेच ठार केलं, असं जोसीफस सांगतो. वर पडके चौथरे आणि पुन्हा उभे केलेले थोडे खांब एवढंच उरलंय. तरीही जा, संध्याकाळी. हजार मीटरांहून अधिक खाली दिसणारा समुद्र आणि पलीकडे यहूदाचे डोंगर. गर्दी जवळपास नसते.

मादबाहून समुद्राकडे उतरताना वाटेत नेबो पर्वत लागतो. बायबलप्रमाणे मोशेने इथूनच वचन दिलेली भूमी पाहिली. चर्चमधली शिकारीची आणि प्राण्यांची जडावाची फरशी इ.स. ५३०च्या सुमाराची आहे. तिथून समुद्रापर्यंत अकराशे मीटरांहून जास्त उतार आहे, कानात दडे बसतात. वर घट्ट बंद केलेली प्लास्टिकची पाण्याची बाटली खाली पोहोचेपर्यंत आत चेपलेली दिसेल. मुलं बरोबर असतील तर त्यांना ती मुद्दाम दाखवा.

नदीकाठचं अल-मगतास हे बाप्तिस्म्याचं स्थळ २०१५ साली जागतिक वारसा यादीत आलं. श्रद्धा असेल किंवा सीमेवरची नदी पाहायची असेल तर जा. नुसत्या अवशेषांसाठी मी तिथे अर्धा दिवस घालवणार नाही. डोंगरातल्या माईनच्या गरम पाण्याच्या धबधब्यांना मात्र घालवेन. पाणी उगमाशी खूप कढत असतं, तेव्हा लोक जिथे बसलेत तिथेच बसा.

कोणता महिना बरा?

मार्च ते मेचा पहिला पंधरवडा, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर पारा चाळीशी पार करतो. हिवाळ्यात समुद्राकाठी दिवसा छान वाटतं, पण वर अम्मान आणि पेट्रात पाऊस-थंडी असते. ऑक्टोबरपासून पुढे पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी कोणत्याही घळीत जाऊ नका, आकाश निळं दिसत असलं तरी. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये मृत समुद्राजवळ अचानक आलेल्या लोंढ्यात एकवीस जण गेले, त्यांत बहुतेक शाळेची मुलं होती. वादी मुजिब या घळीतली पाण्यातली पायवाट याच कारणासाठी पावसाळी महिन्यांत बंद असते.

आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का?

मुळीच नाही. हुम्मुस, फलाफेल, भाजलेल्या वांग्याचं मुतब्बल, लब्ने म्हणजे घट्ट दही, झातर हा मसाला लावलेली रोटी, मसुराचं सूप, फूल नावाची बाकल्याच्या दाण्यांची उसळ, एवढं सगळीकडे मिळतं. मसुराचं सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात केलंय का, एवढं विचारा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र अवघड आहे, बरोबर काही न्याच. मनसफ हा तिथला मानाचा पदार्थ मटणाचा असतो, आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा, कुणी रागावत नाही.

जॉर्डन पास घ्यावा का?

पेट्राला जाणार असाल तर घ्याच. साधा हिशेब आहे. पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार, व्हिसाचं शुल्क ४० दिनार, म्हणजे ९०. पास ७० दिनारांना आहे, त्यात व्हिसाशुल्क माफ, पेट्राचा एक दिवस आणि जेराश या प्राचीन रोमन शहरासकट पुष्कळ स्थळं येतात. ७५ दिनारांच्या पासात पेट्राचे दोन दिवस. वर सांगितल्याप्रमाणे वादी मूसात दोन रात्री राहणार असाल तर तोच घ्या. अटी दोन: पास देशात पोहोचण्याआधी विकत घ्यायचा आणि जॉर्डनमध्ये किमान तीन रात्री राहायचं. व्हिसा कोणत्या प्रकारे मिळतो ते पासपोर्टवर ठरतं, ते दूतावासाकडून पक्कं करून घ्या. मादबाचं चर्च आणि नेबो इथलं शुल्क वेगळं, पण थोडंसंच.

पेट्राला जाणार नसाल तर पासाच्या फंदात पडू नका. दिनार दिसायला छोटा वाटतो, पण एका दिनारचे जवळपास एक डॉलर एक्केचाळीस सेंट होतात. टॅक्सीचं भाडं आधी ठरवा, आणि ठरवताना ते एका माणसाचं की गाडीचं, जायचं की जाऊन-येऊन, हेही विचारून घ्या. समुद्राकाठच्या रस्त्यावर सैन्याच्या तपासणी चौक्या असतात, त्यामुळे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायला निघू नका.