फोटोमागचा पडदा घरी करायचाय? आधी कापड धुवा

पांढरी चादर मागे ताणून पोर्ट्रेट काढले, तर प्रत्येक फोटोत घड्यांच्या रेषा आणि मधली शिवण दिसते, असं तुम्ही लिहिलंय. कापड कुठलं घ्यावं आणि रंगवावं कसं, हा प्रश्न. पण त्या घड्या दिसण्यात कापडापेक्षा अंतराचा दोष जास्त आहे, म्हणून आधी ते.

माणूस पडद्याला खेटून बसला की दिव्याचा जवळजवळ तेवढाच उजेड पडद्यावरही पडतो आणि सुरकुती न् सुरकुती उठून दिसते. समोरचा दिवा चेहऱ्यापासून 1 मीटरवर आहे असं धरा. पडदा चेहऱ्याच्या 1 मीटर मागे असेल तर त्याला चेहऱ्याच्या पावपट प्रकाश मिळतो, 3 मीटर मागे नेला तर सोळावा हिस्सा. शिवाय तो फोकसमधूनही सुटतो. जागा कमी असेल तर निदान दीड मीटर तरी सोडाच. निम्मी तक्रार इथेच मिटेल.

आता कापड. कोरं मांजरपाट घ्या. सुती, जाडसर आणि बिनचकाकीचं. पॉलिएस्टरला सुरकुत्या कमी पडतात हे खरं, पण ते चमकतं. घेण्याआधी मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढा, चकाकी लगेच कळते. पन्हा मिळेल तेवढा मोठा बघा, म्हणजे जोड टळतो. कमरेपर्यंतच्या फोटोला दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच पुरतं. उभ्या माणसाला मात्र साधारण तीन मीटर रुंदी आणि जमिनीवर पुढे पसरेल इतकी लांबी लागते, तिथे जोड द्यावाच लागतो. तो बरोबर मधोमध, डोक्यामागे, येऊ देऊ नका.

कोऱ्या कापडात खळ असते. गरम पाण्यात धुऊन ती काढा, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो आणि कापड नंतर आटतं ते वेगळंच. आपल्याला ढगाळ छटा हवीय, डाग नकोत.

मांजरपाट रंगात बुडवायचं, भिंतीचा रंग त्यावर फासायचा नाही. फासलं तर ते पत्र्यासारखं ताठ होतं. सुती कापडावर चालणारा रिअॅक्टिव्ह रंग आणि धुण्याचा सोडा घ्या. ओलं कापड वेडंवाकडं चुरगाळून सुतळीने सैल बांधा आणि बुडवा. चुण्यांच्या आत रंग कमी शिरतो आणि फिकट-गडद छटा आपोआप येतात. ओलं असताना कापड जास्त गडद दिसतं, तेव्हा घाबरून लवकर बाहेर काढू नका. हातमोजे घाला, आणि कोरडी पूड उडते म्हणून मास्कही.

ब्रशने रंगवायचीच हौस असेल तर कॅनव्हास घ्या. कडा खिळ्यांनी ताणून बसवा, मॅट इमल्शन, म्हणजे भिंतीचा बिनचकाकीचा रंग, पाणी घालून पातळ करा. आधी रोलरने एक मधली छटा, मग ती ओली असतानाच स्पंजाने तिच्याहून थोडी फिकट आणि थोडी गडद छटा थोपटा. ‘थोडी’वर जोर आहे. जमिनीवर सुंदर दिसणारे ठळक फटकारे फोटोत माणसाच्या कानामागून शिंगांसारखे उगवतात. अधूनमधून उठून लांबून बघा, डोळे किलकिले करून.

रंग? मध्यम करडा, डोळे झाकून. प्रकाश तोडला की तो काळपट होतो, वेगळा दिवा टाकला की पांढुरका, आणि दिव्यावर जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावली की हवा तो. चार पडद्यांचं काम एकात.

कॅनव्हास पाइपवर गुंडाळूनच ठेवा, घडीवर रंग तडकतो. बुडवलेलं मांजरपाट पिशवीत कसंही कोंबा, नीट घडी केलीत तरच सरळ रेषा पडतात आणि त्याच नजरेत भरतात.

आणि काठ दुमडून पाइपसाठी नेफा शिवायचा तो रंगवून झाल्यावर. मी आधी शिवला होता, साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने. कापडाने रंग घेतला, दोऱ्याने घेतला नाही. करड्या पडद्यावर पांढऱ्या टाक्यांची ती ओळ अजून तशीच आहे. वरच्या काठाला असल्याने फ्रेममध्ये येत नाही, म्हणून चाललंय.