जुनाच कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक), फक्त तापमान-दाब वेगळा. पेटंट टिकेल का?

बहुतेक वेळा नाही. अमेरिकेतला ड्यूपाँट विरुद्ध सिनव्हिना खटला (फेडरल सर्किट, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणारं कोर्ट, 2018) बघा. एचएमएफ (साखरेपासून मिळणारं एक रसायन) पासून एफडीसीए (प्लास्टिकसाठीचा कच्चा माल) बनवायचं. कोबाल्ट, मँगनीज, ब्रोमाइडचा कॅटॅलिस्ट, अ‍ॅसेटिक आम्ल, 140 ते 200 अंश सेल्सिअस, ऑक्सिजनचा आंशिक दाब 1 ते 10 बार असा सिनव्हिनाच्या पेटंटमधला दावा होता. कॅटॅलिस्ट आणि द्रावक आधीच्या साहित्यात होतेच; तापमान-दाबाचे पट्टेही जुन्या पट्ट्यांवर चढत होते किंवा जवळ होते. कोर्ट म्हणालं, हे तर नेहमीचं ऑप्टिमायझेशन! असा पट्टा जुळला, की अनपेक्षित फायदा दाखवायची जबाबदारी पेटंटधारकावर येते. सिनव्हिनाला ते जमलं नाही.

त्यामुळे डेटा आधी. सगळ्यात जवळच्या जुन्या प्रयोगाशी शेजारी-शेजारी तुलना करा, एका वेळी एकच घटक बदला, आणि पट्ट्याची दोन्ही टोकं तपासा. उत्पन्न मधे 90 टक्के आणि टोकाला 40 असेल तर दाव्यातला पट्टा लहान करा. इथेच बरेच अर्ज आपटतात: आकडे एका बिंदूचे, मागणी अख्ख्या पट्ट्याची.

भारतात पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) शिवाय (शोध जाणकाराला सहज सुचणारा नसावा, ही अट) कलम 3(डी)ही आडवं येतं: ज्ञात प्रक्रियेचा नुसता वापर चालत नाही, नवं उत्पादन किंवा किमान एक नवा अभिकारक (अभिक्रियेत भाग घेणारा पदार्थ) लागतो.