निवृत्तीनंतरचा गोल्फ : अंतर की अचूकता?

प्रश्न : मी ६४ वर्षांचा असून निवृत्तीनंतर पुण्यात नियमित गोल्फ खेळतो, परंतु माझ्या ड्राइव्हचे (होलच्या सुरुवातीच्या लांब फटक्याचे) अंतर दरवर्षी घटत आहे. नवा, महागडा ड्रायव्हर (तो फटका मारण्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घ्यावा का?

उत्तर : जरूर घ्यावा, पण हौस म्हणूनच. ७२ पारच्या (म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या) मैदानावर प्रत्येक होलसाठी दोन, म्हणजे एकूण ३६ ‘पट’ (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू होलकडे ढकलण्याचे फटके) गृहीत धरलेले असतात. त्यामुळे सरावाचा निम्मा वेळ पटिंग आणि ग्रीनभोवतीच्या चिपिंगला (छोट्या फटक्यांना) दिल्यास जो फरक पडेल, तो थोड्या लांब गेलेल्या चेंडूने सहसा पडत नाही. लांब आयर्न (दूरच्या फटक्यांचे लोखंडी पात्याचे क्लब) जड जात असतील, तर त्यांच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि ड्रायव्हर यांच्या मधल्या घडणीचे क्लब) वापरावेत, कारण त्यांचा गुरुत्वमध्य खाली व मागे असल्याने कमी वेगाच्या स्विंगनेही चेंडू सहज उचलला जातो. (नियमानुसार १४ पेक्षा अधिक क्लब बाळगता येत नाहीत, तेव्हा पिशवीतून काहीतरी काढावेच लागेल.) पुढच्या टीवरून (होलच्या अधिक जवळ असलेल्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळण्यात कमीपणा मानू नये, हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट) ठरवताना त्या टीचे रेटिंग (काठिण्यपातळी) विचारात घेतलेच जाते. खांदे पुरेसे वळत नसतील, तर बॅकस्विंगमध्ये पुढच्या पायाची टाच किंचित उचलू द्यावी. कंबरदुखी जुनी असेल, तर मात्र आधी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.