राऊटर माळ्यावर आणि बिल चालूच

प्रश्न : मी डोंबिवली पूर्वेला राहते आणि दहावीच्या मुलांच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. घरातले ब्रॉडबँड यजमानांच्या नावावर आहे, पण ते नोकरीसाठी नाशिकला असतात. पावसाळ्यात सलग अकरा दिवस नेट बंद पडले आणि पुढेही रडतखडतच चालले, म्हणून ९ ऑगस्टला दुसऱ्या कंपनीचे कनेक्शन घेतले. जुन्या कंपनीचा जो माणूस नेहमी दुरुस्तीला यायचा, ज्याने राऊटरची १,५०० रुपये अनामत घेऊन कंपनीची पावती दिली होती, त्याला त्याच दिवशी व्हॉट्सॲप केले : ‘कनेक्शन बंद करा, राऊटर घेऊन जा.’ त्याने ‘हो ताई, माणूस पाठवतो’ असे कळवले, पण कोणी आलेच नाही. बिले मात्र येत राहिली. आता एका वसुली एजन्सीने मोबाइलवर ‘दाखलपूर्व लोकअदालत नोटीस’ पाठवली आहे. तीन महिन्यांचे २,४७५, राऊटरचे ३,००० आणि विलंब शुल्क ३०० असे ५,७७५ रुपये शनिवारपर्यंत भरा, नाहीतर जप्ती, पोलीस तक्रार आणि सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारी नोंद) खराब, असे त्यात आहे. मुलाच्या गृहकर्जाचे काम चालू आहे आणि त्यात यजमान सहअर्जदार आहेत. कटकट नको म्हणून निम्मे पैसे भरून टाकू का?

उत्तर : ताई, निम्मे भरू नका. अर्धवट रक्कम भरली की ‘देणे मान्य आहे, फक्त बाकी राहिले’ असा तिचा अर्थ लावला जातो आणि उरलेल्या रकमेसाठी तगादा आणखी वाढतो. पण गप्पही बसू नका. या आठवड्यात एक लेखी उत्तर जायलाच हवे.

हा घोळ मुळात कुठे झाला ते आधी सांगते. मोबाइलचा नंबर आपण पोर्ट करतो, तेव्हा जुन्या कंपनीचे कनेक्शन आपोआप सुटते. घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाही. नवे कनेक्शन हा नवा करार असतो आणि जुना करार तुम्ही संपवल्याशिवाय संपत नाही. वायर काढून ठेवली, राऊटरचा दिवा विझला, तरी कंपनीच्या संगणकात तुम्ही ग्राहकच राहता. तुमच्या बाबतीत करार संपवल्याचा निरोप गेला होता, पण कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नाही, तिच्या माणसाकडे गेला. सगळा वाद एवढ्याच धाग्यावर उभा आहे आणि माझ्या मते तो धागा तुमच्या बाजूने मजबूत आहे. ज्या माणसाने कंपनीच्या पावतीवर पैसे घेतले, जो कंपनीचा म्हणून घरात येऊन दुरुस्ती करायचा, त्याला बंद करण्याचा निरोप घ्यायचा अधिकार नव्हता, असे कंपनीला आता सहजासहजी म्हणता येणार नाही. आपल्या वागण्यातून लोकांचा तसा समज करून दिला, तर मालक बांधला जातो, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २३७ सांगते. तेव्हा तो संवाद जपा. नुसता स्क्रीनशॉट काढून भागणार नाही. अख्खे चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू किंवा बदलू नका. त्यातले ‘हो ताई’ हे दोन शब्द आज तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहेत.

आता हिशेब. तुमचे बिल १ तारखेपासून सुरू होते आणि महिन्याचे भाडे करासह ८२५ रुपये आहे, असे सोबतच्या बिलावर दिसते. ऑगस्टचे ९ दिवस तुम्ही कनेक्शन ठेवले, त्याचे सुमारे २४० रुपये तुमच्याकडून येणे निघतात. ते खुल्या मनाने मान्य करा. अनामत १,५०० मधून २४० वजा जाता १,२६० रुपये कंपनीनेच तुम्हाला द्यायचे आहेत. अकरा दिवस नेट बंद होते, त्याची सूट वेगळी मागा. कनेक्शन बंद झाल्यावर अनामत परत करायला दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०२४ च्या सेवा गुणवत्ता नियमांत ४५ दिवसांची मुदत आहे. ९ ऑगस्टपासून मोजली तर ती २३ सप्टेंबरला संपली. हातात अनामत धरून ठेवायची आणि वर राऊटरची पूर्ण किंमतही मागायची, हे तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

एका गोष्टीत मात्र तुमची बाजू लंगडी आहे. आपल्याकडे वापरायला दिलेली वस्तू काम संपल्यावर मागणीची वाट न बघता परत करायची, असे करार अधिनियमाचे कलम १६० म्हणते. ‘त्यांनी न्यायला हवा होता’ हे पुरेसे उत्तर नाही. ऑगस्टपासून राऊटर माळ्यावर आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तो आजच खाली काढा. माझ्या एका अशिलाने असाच पडून राहिलेला राऊटर भंगारवाल्याला दिला आणि तेवढ्या एका गोष्टीने त्याची चांगली केस अडचणीत आली. राऊटरच्या पाठीवर एक स्टिकर असतो. त्यावर सीरियल नंबर आणि मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. तो सीरियल नंबर तुमच्या पावतीवरच्या नंबराशी ताडून बघा. शेजारी आजचे वर्तमानपत्र ठेवून राऊटर, ॲडॉप्टर आणि वायर यांचे फोटो काढा. मग मागचे बारीक भोक असते, त्यात टाचणी घालून रीसेट करा, म्हणजे तुमच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड त्यातून पुसले जातील. तिन्ही वस्तू कंपनीच्या कार्यालयात नेऊन द्या आणि सीरियल नंबर लिहिलेली, सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर वस्तू तिथे ठेवून येऊ नका. घरी आणा आणि टपालाने पाठवून पावती जपा.

आता त्या नोटिशीबद्दल. तराजूचे चित्र, लाल अक्षरे आणि ‘शनिवारपर्यंत’ हा शब्द, अशी भीती घालणारी पत्रे आल्यावर वयस्कर माणसांनी घाबरून पैसे भरलेले मी कितीदा तरी पाहिले आहेत आणि दर वेळी मला त्याचा संताप येतो. लोकअदालत म्हणजे शिक्षा करणारे कोर्ट नव्हे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे तिथे फक्त तडजोड होते. दोन्ही बाजूंनी ‘हो’ म्हटले तरच निवाडा होतो. न गेल्याबद्दल जप्ती नाही, वॉरंट नाही. मात्र तडजोडीवर सही झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा ठरतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून तिथे घाईने सही करू नका. दूरसंचार कंपन्यांची दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीची, प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत खरोखर ठेवली जातात, त्यामुळे कागद सरसकट खोटा समजू नका. नोटिशीची प्रत घेऊन कल्याण न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीत जा आणि हे प्रकरण त्यांच्या यादीत आहे का, ते विचारा. असेल तर कागद घेऊन हजर राहा आणि वरचा २४० रुपयांचा हिशेब मांडा.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण वकीलसुद्धा कधी कधी त्यात गल्लत करतात. ‘कायमस्वरूपी लोकअदालत’ हे वेगळे व्यासपीठ आहे. टेलिफोनसारख्या लोकोपयोगी सेवांच्या वादात तडजोड झाली नाही, तर तिला स्वतः निर्णय देता येतो. नोटिशीवर हा शब्द असेल आणि ती खरी निघाली, तर गैरहजर राहू नका.

पोलिसांची भीती काढून टाका. बिलाचा वाद दिवाणी असतो. राऊटरबाबत फौजदारी विश्वासघात, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६, लावायला अप्रामाणिक हेतू दिसावा लागतो. ‘घेऊन जा’ असे ज्याने स्वतः लेखी कळवले, त्याच्यावर तो आरोप टिकणार नाही.

सिबिलची भीती मात्र अगदीच पोकळ नाही आणि तुमच्या घरात आत्ता तीच खरी कळीची आहे. पतमाहिती अहवालात ‘टेल्को – ब्रॉडबँड’ असा खात्याचा प्रकारच असतो, म्हणजे थकबाकीची नोंद तिथे पोहोचू शकते. ती खातेदाराच्या नावावर पडते, मुलाच्या नाही. पण यजमान सहअर्जदार असल्याने बँक त्यांचाही अहवाल काढणार. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. यजमानांना तो या आठवड्यातच काढायला सांगा. नोंद नसेल तर उत्तमच. असेल तर त्याच संकेतस्थळावर ‘रक्कम वादग्रस्त’ म्हणून हरकत नोंदवा. तिला पैसे पडत नाहीत आणि तीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. बँकेच्या अधिकाऱ्याला आपण होऊन आधी सांगा आणि कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत द्या. नोंद त्याला स्वतःला सापडण्यापेक्षा तुम्ही सांगितलेले कधीही बरे.

पत्र यजमानांच्या नोंदणीकृत ईमेलवरून जाऊ द्या, प्रत वसुली एजन्सीला. मजकूर एवढा पुरे :

‘खाते क्रमांक अमुक. हे कनेक्शन ९ ऑगस्ट रोजी बंद करण्यास आणि राऊटर परत नेण्यास आपल्या प्रतिनिधीस लेखी कळवले होते व त्यांनी ते मान्य केले होते. त्या दिवसानंतर वापर झालेला नाही. आपल्याकडील वापराची नोंद तपासावी. त्यानंतरची बिले, राऊटरची किंमत व विलंब शुल्क मला मान्य नाही. ९ दिवसांचे भाडे अनामतीतून वजा करून उरलेले १,२६० रुपये परत करावेत. राऊटर, सीरियल नंबर अमुक, आपल्या कार्यालयात जमा करत आहे. रक्कम वादग्रस्त असल्याने पतमाहिती संस्थांना थकबाकी म्हणून कळवू नये. तक्रार क्रमांक द्यावा.’

शेवटचे वाक्य विसरू नका. तक्रार क्रमांक मिळाला की पुढची पायरी उघडते. उत्तर पटले नाही किंवा मुदतीत आले नाही, तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. थेट ट्रायला अर्ज करण्यात वेळ घालवू नका, एकट्या ग्राहकाचा वाद ते सोडवत नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मात्र जरूर नोंद करा. छोट्या रकमांचे वाद पुष्कळदा तिथेच मिटतात.

त्यानेही भागले नाही, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पूर्वी कंपन्यांचे वकील तारखेला उभे राहून म्हणायचे, की टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद आहे, त्यामुळे ग्राहक मंचाला (आजच्या ग्राहक आयोगाला) अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालाचा त्यांना आधार मिळायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने, खासगी दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, असे स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या ‘सेवा’ या व्याख्येत आता दूरसंचार शब्दच घातला आहे. तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते. सेवेसाठी तुम्ही मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. अर्ज ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. कनेक्शन तुमच्या नावावर नाही, याची चिंता करू नका. खातेदाराच्या संमतीने सेवा वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो. तरी यजमानांचे अधिकारपत्र जोडा. तुम्ही शिकवण्या घेता, म्हणून ‘व्यावसायिक वापर’ असा आक्षेप येईल, तेव्हा प्लॅन घरगुती असल्याचे बिल पुढे करा. दोष ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ असा मांडा. करारच अन्यायकारक आहे, अशी मांडणी केलीत तर ते प्रकरण राज्य आयोगाकडे जाते आणि १,२६० रुपयांसाठी तुम्हाला मुंबईच्या खेपा घालाव्या लागतील.

नव्या कनेक्शनचेही एक बघून घ्या. माणसाने राऊटर बसवून दिला, पासवर्ड मोबाइल नंबरच ठेवला आणि तो शिकवणीच्या मुलांनाही माहीत आहे, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. तो आज बदला, आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्डही बदला. त्या जोडणीवरून जे काही जाईल, त्याचा माग पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी गेलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वायफायवरून गेला होता, आणि त्या घरात राहणाऱ्या माणसाला चौकशीला तोंड द्यावे लागले. मुलांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राऊटरवर वेगळ्या नावाचे आणि पासवर्डचे वायफाय, करून द्या. आणि कनेक्शन बंद करायचे झाले तर अर्ज कुठे द्यायचा, राऊटर कुठे जमा करायचा, हे या नव्या कंपनीला आत्ताच ईमेलने विचारून ठेवा. आलेले उत्तर अनामतीच्या पावतीसोबत एकाच फाइलमध्ये लावा.